नवख्या सेंटरचा पास कसा घडवायचा

बास्केटबॉलमध्ये सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, पासिंगची पारख करताना पहिली चूक होते ती नुसता असिस्टचा, म्हणजे ज्या पासवर लगेच बास्केट झाली त्यांचा, रकाना बघण्यात. आल्परेन शेंगुन २०२१-२२ मध्ये एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, ह्यूस्टन रॉकेट्सकडून पहिला मोसम खेळला, तेव्हा त्याची सरासरी ९.६ गुण, ५.५ रिबाउंड आणि २.६ असिस्ट होती. निकोला योकिचचा डेन्व्हरमधला पहिला मोसम २०१५-१६ चा. तिथे १० गुण, ७ रिबाउंड, २.४ असिस्ट. वरवर पाहिलं तर यात काहीच विशेष नाही. पण दोघंही सामन्याला जेमतेम २१ मिनिटं खेळत होते. ३६ मिनिटांच्या हिशोबाने शेंगुनचे साडेचार आणि योकिचचे चार असिस्ट होतात. विशीच्या आसपासच्या सेंटरसाठी हे भरपूर आहे.

उलटं उदाहरण डोमांटास सबोनिसचं. २०१६-१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीकडून तोही २० मिनिटं खेळला, असिस्ट मात्र सामन्याला एकच. चेंडू कायम गार्ड, म्हणजे चेंडू घेऊन खेळ रचणाऱ्या, रसेल वेस्टब्रूकच्या हातात, आणि सबोनिस बहुतेक वेळ तीन गुणांच्या रेषेबाहेर शॉटची वाट बघत उभा. पुढे सॅक्रामेंटोने त्याच्या हातात चेंडू देऊन त्याच्याभोवती सगळ्यांना पळवलं. २०२३-२४ मध्ये त्याचे असिस्ट सामन्याला ८.२ झाले. म्हणून पोराला पास शिकवायच्या आधी त्याला कुठे उभं करताय ते ठरवा.

उभं कुठे करायचं

सुरुवात एल्बोपासून करा. फ्री थ्रोची रेषा आणि पेंटची (रिंगसमोरच्या आयताची) कड जिथे मिळतात तो कोपरा म्हणजे एल्बो. तिथून जवळच्या कॉर्नरमधला शूटर साधारण सव्वासहा मीटरवर असतो आणि लांबच्या कॉर्नरमधला दहा मीटरवर. रिंग समोर, दोन्ही बाजूंनी कट करायला, म्हणजे रिंगकडे अचानक धावायला, मोकळी वाट, आणि पाठीमागून हात मारायला येणारा डिफेंडर फार तर एक. लो पोस्टवर, म्हणजे रिंगजवळ पेंटच्या कडेला, हेच काम दुप्पट अवघड होतं. पाठ रिंगकडे असते, अर्धं कोर्ट दिसत नाही आणि डबल टीम, म्हणजे अंगावर येणारा दुसरा डिफेंडर, कुठूनही येते. बरेच कोच उंच पोरगा मिळाला की त्याला पहिल्या दिवसापासून ब्लॉकवर (लो पोस्टच्या खुणेवर) नेऊन उभा करतात आणि मग त्याला पास देता येत नाही म्हणून ओरडतात. लो पोस्ट शेवटी शिकवा.

आपल्याकडची कोर्टं फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मापाची. पेंटची रुंदी तिथे ४.९ मीटर, एनबीएत १६ फूट, म्हणजे जवळपास तेवढीच. कॉर्नरमधल्या रेषेतही फरक नगण्य. समोरची तीन गुणांची रेषा मात्र एनबीएत ७.२४ मीटरवर आणि फिबात ६.७५ मीटरवर आहे. शूटर अर्धा मीटर आत उभा राहतो, त्यामुळे डिफेंडरलाही कमी अंतर धावावं लागतं. दुसरा फरक मोठा आहे. एनबीएत २००१-०२ पासून डिफेन्सलाही तीन सेकंदांचा नियम आहे. कुणाला गार्ड न करता पेंटमध्ये ठाण मांडून बसता येत नाही. फिबात बसता येतं. टीव्हीवर योकिचचा बॅकडोअर पास, म्हणजे डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे धावणाऱ्याला दिलेला, बघून तो जसाच्या तसा आपल्या संघात बसवायला गेलात, तर रिंगखाली उभा असलेला समोरचा सेंटर आरामात चेंडू काढून घेईल. आपल्या पोराला एल्बोवरून कॉर्नर आधी दिसला पाहिजे, कटर नंतर.

चेंडू हातात यायच्या आधीचं काम

पास चांगला की वाईट हे बहुतेक वेळा चेंडू झेलायच्या आधीच ठरलेलं असतं. चेंडू हवेत असताना किंवा त्याच्याही आधी, पोझिशन घेताना, त्याने एकदा मान वळवून लांबच्या बाजूकडे बघायला हवं. तिथे एकच माणूस शोधायचा, रिंगच्या सगळ्यात जवळचा वीकसाइड (चेंडू नसलेल्या बाजूचा) डिफेंडर. त्याचे पाय कुठे आहेत? दोन्ही पाय पेंटमध्ये असतील तर त्याचा माणूस कॉर्नरमध्ये मोकळा आहे. एक पाय बाहेर असेल तर तो अजून ठरवतोय. दोन्ही बाहेर असतील तर रिंग मोकळी आहे. नजर, खांदे, हात सगळं फसवू शकतं. पाय सहसा फसवत नाहीत, कारण पाय हलवल्याशिवाय तिथून पळता येत नाही.

झेलताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर आणायचे, जंप स्टॉप. मग कुठलाही पाय पिव्हट, म्हणजे जागेवर ठेवून वळायचा पाय, करता येतो आणि डिफेंडर कुठल्या बाजूला आहे ते बघून वळता येतं. एक पाय आधी टेकवला की तोच पिव्हट ठरतो आणि निम्मे पास तिथेच संपतात. चेंडू झेलला की तो हनुवटीखाली, कोपरं बाहेर. पोराची उंची २.०५ मीटर असेल तर हनुवटीजवळचा चेंडू बहुतेक गार्डच्या डोक्याच्या पातळीवर राहतो. तोच चेंडू त्याने कमरेपर्यंत खाली आणला की उंचीचा फायदा गेला. मग १.८० मीटरचा गार्ड मागून येऊन टपली मारून चेंडू घेऊन जातो. नवख्या सेंटरचे जे टर्नओव्हर (चेंडू गमावणं) ‘पासिंगचे’ म्हणून मोजले जातात, त्यातले बरेच खरं तर चेंडू खाली आणल्याचे असतात.

झेलल्यावर पहिली नजर रिंगकडे. शॉट घेणार नसला तरी. जो सेंटर रिंगकडे बघतच नाही, त्याचा डिफेंडर दीड-दोन मीटर मागे सरकून पासच्या वाटेत उभा राहतो. एल्बोवरून शॉट टाकता येणं हा पासिंगचाच भाग आहे, म्हणून शॉटचा सराव वेगळा काढू नका.

हँडऑफ

जवळून धावणाऱ्या गार्डच्या हातातच चेंडू देणं म्हणजे हँडऑफ. हा पास सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात ढिसाळपणे दिला जातो. सेंटरने चेंडू फेकायचा नाही, ठेवायचा. एक हात चेंडूच्या खाली, दुसरा वर, चेंडू शरीरापासून थोडा पुढे, कमरेच्या वर. गार्ड जवळून जाताना वरचा हात काढायचा आणि गार्डने चेंडू उचलून न्यायचा. गार्डचा खांदा सेंटरच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मधे हातभर जागा राहिली तर डिफेंडर तिथूनच घुसतो.

चेंडू दिल्या क्षणी सेंटर स्क्रीन, म्हणजे गार्डच्या डिफेंडरची वाट अडवणारी भिंत, झालेला असतो, म्हणून पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद आणि स्थिर. नवखी पोरं इथे कंबर बाहेर काढून डिफेंडरला धक्का देतात आणि ऑफेन्सिव्ह फाउल घेतात. चेंडूही जातो, फाउलही लागतो.

पुढचं वाचन तीन तऱ्हेचं. गार्डचा डिफेंडर मागून पाठलाग करत आला तर चेंडू द्या आणि रिंगकडे रोल करा, म्हणजे वळून धावा. तो आधीच वरच्या बाजूला उडी मारून वाट अडवत असेल तर गार्डने पाय रोवून मागे कट करायचा आणि सेंटरने चेंडू न देता त्याच्या मागे बाउन्स पास टाकायचा. सेंटरचा स्वतःचा डिफेंडर गार्डकडे सरकला तर हँडऑफची नुसती हूल देऊन स्वतः रिंगकडे जायचं. तिसरं वाचन पोरांना उशिरा येतं, कारण त्यांची नजर गार्डवर खिळलेली असते. स्वतःच्या डिफेंडरची छाती कुठे आहे ते त्यांना बघायची सवयच नसते.

बॅकडोअर बाउन्स पास

टप्पा अंतराच्या दोन-तृतीयांशावर पडावा, कटरच्या जवळ. अर्ध्यावर पडला तर चेंडू उंच उठून रेंगाळतो आणि हेल्पला येणाऱ्याला वेळ मिळतो. कटरच्या पायाशी पडला तर त्याला वाकून, वेग कमी करून उचलावा लागतो. चेंडू कटरच्या लांबच्या हाताकडे, डिफेंडरपासून दूर. वेळ ठरते कटरच्या पायावरून. बाहेरचा पाय जमिनीत रोवला गेला की चेंडू सुटला पाहिजे. कटर धावायला लागल्यावर पास टाकायला गेलात तर तो रिंगच्या मागे पोचलेला असतो.

उघड्या सिमेंटच्या कोर्टवर धुळीमुळे टप्पा घसरतो, पाहिजे तितका उठत नाही. तिथे टप्पा थोडा अलीकडे आणि जोर थोडा जास्त. सराव एका जागी आणि सामने दुसरीकडे असतील तर वॉर्मअपमध्ये निदान दहा-बारा बाउन्स पास टाकून जमीन बघून घ्या.

शॉर्ट रोल

नवख्या सेंटरचं खरं कसब इथे दिसतं. पिक अँड रोलमध्ये सेंटर गार्डसाठी स्क्रीन लावून रिंगकडे वळतो. तेव्हा दोन्ही डिफेंडर चेंडूवाल्या गार्डवर धावले की तो दोघांच्या मधून किंवा वरून चेंडू सोडतो आणि सेंटर तो फ्री थ्रोच्या रेषेजवळ झेलतो. आता समोर तीन डिफेंडर आणि आपली चार माणसं. हा हिशोब फार तर दीड सेकंद टिकतो. तेवढ्यात मागचे दोघे परत येतात. ड्रेमंड ग्रीन, उंची १.९८ मीटर, गोल्डन स्टेटमध्ये याच जागेवरून वर्षानुवर्षं खेळला. स्टेफ करीवर दोघं धावायचे आणि चेंडू ग्रीनकडे यायचा.

सर्वात जास्त चूक होते ती न थांबण्यात. पोरगा स्क्रीन सोडून थेट रिंगपर्यंत धावत जातो, चेंडू तिथे झेलतो, आणि मदतीला आलेला डिफेंडर त्याच्या छातीशी उभा असतो. धडक बसते, चार्ज, म्हणजे आपलाच फाउल. म्हणून दोन-तीन पावलं, फ्री थ्रोच्या रेषेवर जंप स्टॉप, चेंडू हनुवटीखाली, डोळे लो मॅनवर. लो मॅन म्हणजे वर सांगितलेला तोच, रिंगच्या सगळ्यात जवळचा वीकसाइड डिफेंडर.

तो वर आला तर त्याने सोडलेला माणूस बघा. तो माणूस कॉर्नरमध्ये असेल तर तिकडे सपाट चेस्ट पास. फ्री थ्रोच्या रेषेच्या मध्यापासून कॉर्नर जवळपास आठ मीटरवर आहे, म्हणून बाउन्स पास इथे चालत नाही, पोचेपर्यंत शॉट बंद होतो. तो माणूस बेसलाइनला, पेंटच्या कडेशी उभा असेल तर रिंगजवळ उंच लॉब किंवा वर आलेल्याच्या कमरेजवळून खाली टप्पा. लो मॅन जागचा हलला नाही तर पास देऊच नका. एक ड्रिबल, दोन पावलं, लेअप. हे शेवटचं ठासून सांगावं लागतं. पास चांगला आहे असं कौतुक झालेली पोरं मोकळी रिंग समोर असताना कॉर्नर शोधत बसतात, आणि दोन सामन्यांत समोरच्या संघाला ते कळतं.

पास जिथे पोचतो तेही बघा. शूटरच्या छातीपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात, शॉट टाकणाऱ्या हाताच्या बाजूला. गुडघ्याशी गेलेला चेंडू तो उचलतो, पाय पुन्हा लावतो, आणि तोवर डिफेंडर अंगावर आलेला असतो. असा पास कागदावर बरोबर दिसतो. त्यातून शॉट मात्र होत नाही.

लो पोस्ट आणि डबल टीम

डबल कुठून आला यावर पास ठरतो. चेंडू देणाऱ्याचाच डिफेंडर खाली आला तर चेंडू परत त्यालाच. बेसलाइनकडून आला तर वरच्या बाजूला वळून पलीकडचा कॉर्नर किंवा कट करणारा. वरून किंवा वीकसाइडकडून आला तर पलीकडच्या विंगवर (कॉर्नरच्या वर, साइडलाइनजवळ) स्किप पास, म्हणजे कोर्टच्या एका बाजूकडून थेट दुसऱ्या बाजूला. घाईत तिथल्या तिथे पास मारण्यापेक्षा साइडलाइनच्या दिशेने मागे एक-दोन ड्रिबल घेतले की दोन्ही डिफेंडर ओढले जातात आणि पासची वाट मोकळी होते. यात एनबीएचा एक नियम आहे: फ्री थ्रो रेषेच्या खालच्या भागात रिंगकडे पाठ किंवा कूस करून पाच सेकंदांपेक्षा जास्त ड्रिबल चालत नाही. फिबात डिफेंडर मीटरभराच्या आत असताना चेंडू नुसता धरून ठेवला तर पाच सेकंद मोजले जातात.

स्किप पास सपाट हवा. दहा मीटरचं अंतर चेंडूने सेकंदाला १५ मीटरच्या वेगाने कापलं तर पाऊण सेकंदाच्या आत पोचतो. १० मीटरच्या वेगाने उंच कमानीत टाकला तर पूर्ण सेकंद लागतो. मधल्या एक-तृतीयांश सेकंदात धावणारा डिफेंडर सहज दोन मीटर येतो, म्हणजे मोकळ्या शॉटचा बंद शॉट होतो. त्यासाठी चेंडू कपाळाच्या वर धरायचा, डोक्याच्या मागे नाही. मागे नेला की पाठीमागचा डिफेंडर नुसता हात वर करून काढून घेतो. एक पाऊल पासच्या दिशेने टाकायचं आणि मनगटं झटकायची. जोर पायातून येतो. पाय न हलवता नुसत्या हातांनी मारलेला स्किप पास वाटेत मरतो.

आउटलेट पासबद्दल, म्हणजे रिबाउंडनंतरच्या पहिल्या पासबद्दल, थोडक्यात: रिबाउंड घेऊन खाली येतानाच साइडलाइनकडे वळायचं, रिंगखालच्या गर्दीकडे नाही, आणि दोन्ही हातांनी डोक्यावरून गार्डला. एनबीएतल्या वेस अनसेल्डची उंची २.०१ मीटर, आजच्या हिशोबाने सेंटर म्हणावा असाही नाही. १९६८-६९ च्या पहिल्याच मोसमात तो सर्वोत्तम नवखा आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही ठरला, आणि त्याची ख्याती होती या आउटलेटची.

सराव

आठवड्यात तीन दिवस, प्रत्येकी २५ मिनिटं पुरतात. मुख्य सरावाच्या आधी घ्या. दमलेल्या हातांनी पासचं वळण बिघडतं.

पहिली पाच मिनिटं भिंत. छातीच्या उंचीवर खडूने ६० सेंटिमीटरचा चौकोन, अंतर ६ मीटर. दोन्ही हातांनी २५, कच्च्या हाताने २५.

पुढची दहा मिनिटं एल्बो. कोच वरून चेंडू देतो. चेंडू हवेत असताना लांबच्या बाजूचा मदतनीस बोटं वर करतो. चेंडू हातात पडताना पोराने आकडा ओरडायचा आणि लगेच पास टाकायचा. आठ पासची एक फेरी, प्रत्येक एल्बोवर दोन फेऱ्या. आकडा चुकला तर पास चांगला गेला तरी मोजायचा नाही. सुरुवातीला पोरगा चेंडू सांडतो, कारण मान वळवून परत यायला उशीर होतो. वैतागू नका, काही दिवसांत बसतं. नंतर बोटांऐवजी खरा डिफेंडर उभा करा, जो मनाला येईल तसा पेंटमध्ये येईल किंवा बाहेर राहील.

शेवटची दहा मिनिटं चार विरुद्ध तीन, शॉर्ट रोलवरून. झेलल्यापासून दोन सेकंद आणि जास्तीत जास्त एक ड्रिबल. दहा पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात घेऊन दहा हल्ले. लो मॅनला गुपचूप सांगून ठेवा की त्यातल्या तीन वेळा जागचं हलायचं नाही. पोरगा त्या तिन्ही वेळा स्वतः रिंगकडे गेला की नाही ते बघा.

मोजायचं काय

एनबीएत २०१३-१४ पासून सगळ्या मैदानांवर कॅमेरे आहेत, त्यामुळे तिथे ज्या पासवर शॉट घेतला गेला असा प्रत्येक पास मोजता येतो, शॉट पडो न पडो. तुम्हीही मोबाइलने तेच करा. सामना स्टँडवरून, मधल्या रेषेजवळून काढा, पूर्ण हाफ कोर्ट चौकटीत येईल असा. मग सेंटरचा प्रत्येक पास एका ओळीत लिहा: जागा, कुणाला, शॉट झाला का. शॉट पडला की नाही हा सेंटरचा दोष नाही, तो रकाना वेगळा ठेवा.

वेळ मोजायला व्हिडिओ फ्रेम-फ्रेमने पुढे न्या. सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर चेंडू हाताला लागल्यापासून सुटेपर्यंत १५ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. शॉर्ट रोलवर ३० फ्रेमच्या आत यायला हवं. एल्बोवर ४५ पर्यंत चालतं, कारण तिथे कटची वाट बघावी लागते. ६० च्या पुढे गेलेले पास काढून बघा. बहुतेकांत त्याने झेलल्यावर पहिल्यांदा मान वळवलेली दिसेल.

टर्नओव्हरचे चार रकाने करा: चेंडू खाली आणला, वाचन चुकलं, फेक चुकली, समजुतीचा घोळ. चौथ्यात सेंटरने बरोबर जागी पास टाकला आणि कटर थांबला, असे प्रसंग येतात. त्यासाठी सेंटरला झापू नका, कटरला व्हिडिओ दाखवा. नाहीतर दोन सामन्यांत पोरगा बॅकडोअर पास टाकायचं सोडून देतो. पहिल्या मोसमात प्रत्येक टर्नओव्हरमागे एक असिस्ट असेल तर ठीक आहे. टर्नओव्हर फारच कमी असतील तर उलट शंका घ्या: बहुधा तो फक्त बाजूच्या गार्डला चेंडू परत देतोय.

न बघता टाकलेल्या पासचं काय? शेंगुन ते पहिल्या मोसमापासून टाकायचा, बघायला मजा यायची, आणि काही थेट प्रेक्षकांत जायचे. पोराला ते सरसकट बंद करू नका. लो मॅन कॉर्नर आणि रिंगच्या मधे अडकलेला असेल, तेव्हा कॉर्नरकडे बघून बेसलाइनच्या माणसाला दिलेला पास त्याला चुकीच्या बाजूला एक पाऊल टाकायला लावतो, आणि ते पाऊल दोन गुणांचं असतं. समोर हेल्पच नसताना तोच पास म्हणजे नुसती हौस. व्हिडिओ थांबवून विचारा, ‘कुणाला फसवलंस?’ उत्तरात डिफेंडरचं नाव आलं तर पुढचाही टाकू द्या.